सातपुड्याच्या पुलावरून मासे खरेच गेले का?

पक्षी उडून जातो, वाघ रातोरात डोंगर ओलांडतो, वडाचे बी पाखराच्या पोटातून शंभर कोस जाते. गोड्या पाण्यातला मासा मात्र आपल्या नदीचा कैदी. त्याला शेजारच्या नदीत जायचे तर वाट दोनच : जमीन आणि समुद्र. जमिनीवर तो मरतो, आणि समुद्राचे खारे पाणी बहुतेक गोड्या पाण्याच्या माशांना सोसत नाही. मग एकाच घराण्यातले मासे एकमेकींना कधीही न भेटलेल्या नद्यांत कसे सापडतात?

हा प्रश्न कळायला आपल्या सीमाभागातल्या वाचकांना लांब जायला नको. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला मिळायला निघते. त्याच तालुक्यातल्या भीमगडच्या रानातून म्हादई निघते आणि गोव्यात मांडवी होऊन पश्चिमेला समुद्रात जाते. मध्ये आहे ती डोंगराची एक धार. पावसाचा एक थेंब धारेच्या अलीकडे पडला तर बंगालच्या उपसागरात, पलीकडे पडला तर अरबी समुद्रात. माशाच्या दृष्टीने ती धार म्हणजे दोन देशांची सरहद्द.

अशीच एक धार मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात आहे. (मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगररांगेशी गल्लत नको. ‘घाटावरचा प्रदेश’ या अर्थाने हे नाव दोन्हीकडे पडले आहे.) हा जिल्हा गोंदियाला लागून आहे. १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती आणि तिथल्या अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. बालाघाट शहराजवळून वैनगंगा वाहते. शिवनी जिल्ह्यात उगम पावून ती बालाघाटमार्गे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली असा प्रवास करते, वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि शेवटी गोदावरीत विलीन होते. पण त्याच जिल्ह्याच्या बैहर तहसिलीत, कान्हाच्या मुक्की दरवाजाजवळून, बंजर नदी उलट्या दिशेने वाहते आणि मंडल्याला नर्मदेत जाते. म्हणजे जिल्हा एक, डोंगर एक, आणि पाणी मात्र अर्धे पूर्वेला, अर्धे पश्चिमेला. हा डोंगर म्हणजे सातपुड्याच्या पूर्व टोकाची मैकल रांग. माशांच्या इतिहासात याच रांगेने मोठा वाद निर्माण केला आहे.

होरांचा पूल

सुंदरलाल होरा हे नाव आज शाळेच्या पुस्तकात नाही, असायला हवे होते. १८९६ मध्ये पंजाबात (आजच्या पाकिस्तानातल्या हाफिजाबादला) जन्मलेला हा माणूस भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत रुजू झाला, १९४७ मध्ये तिचा संचालक झाला आणि १९५५ मध्ये निधन होईपर्यंत माशांच्याच मागे राहिला. त्यांचा खास अभ्यास होता डोंगरी ओढ्यांतल्या माशांचा. फेसाळत्या पाण्यात खडकाला चिकटून राहणारे, पोट चपटे, ओठांचा किंवा परांचा चोखक बनवलेले हे मासे. हाताएवढेही नसतात, बाजारात कोणी विचारत नाही, पण पुराच्या लोंढ्यातही जागचे हलत नाहीत.

होरांच्या लक्षात आले की ईशान्य भारत, ब्रह्मदेश, मलाया इकडच्या ओढ्यांत जे मासे आहेत, त्यांच्यासारखेच मासे थेट पश्चिम घाटात, केरळ-कर्नाटकाच्या ओढ्यांत आहेत. मधल्या दीड-दोन हजार किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र ते जवळजवळ नाहीत. १९४४ मध्ये आणि पुढे १९४९ मध्ये त्यांनी याचे उत्तर मांडले. हिमयुगात, हवा थंड आणि ओली असताना, आसामच्या डोंगरांतले मासे गारो टेकड्यांवरून राजमहालच्या टेकड्यांवर आले. आज तिथे गंगा-ब्रह्मपुत्रेचे सखल खोरे आहे, पण तेव्हा तिथे सलग डोंगर होता असे त्यांनी मानले. तिथून मासे विंध्य-सातपुड्याच्या रांगेने, एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात असे पश्चिमेला सरकत गेले आणि शेवटी सह्याद्रीला पोचून दक्षिणेकडे उतरले. यालाच सातपुडा सिद्धान्त म्हणतात. ए. जी. के. मेनन, ई. जी. सायलस अशा पुढच्या अभ्यासकांनी तो उचलून धरला. या प्रवासात बालाघाट म्हणजे बरोबर मधले स्टेशन.

ओढा बदलायचा कसा? त्यालाही उत्तर आहे. नदी आपल्या उगमाकडे मागे मागे कोरत जाते. दोन नद्या एकाच धारेला दोन्ही बाजूंनी कोरत असतील तर एखाद्या दिवशी धार तुटते आणि जोरकस नदी दुसरीचा वरचा ओढा आपल्याकडे ओढून घेते. भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात. पाणी चोरले गेले की त्यातले मासेही नवीन घरी जातात. ते आपण होऊन गेलेले नसतात, त्यांची नदीच बदललेली असते.

सिद्धान्त देखणा होता. पण तो उभा होता माशांच्या दिसण्यावर. इथला मासा तिथल्या माशासारखा दिसतो, म्हणून ते एका घरचे. अडचण इथेच होती.

अण्णा, अक्का आणि सारखेपणा

आपल्या दुभाषी घरांत हा मुद्दा लगेच पटेल. मराठीत आपण अण्णा म्हणतो, अक्का म्हणतो. कन्नडमध्येही अण्णा, अक्का. एवढ्यावरून कोणी म्हणाले की मराठी आणि कन्नड एकाच आईच्या लेकी, तर ते चूक. शेजार होता, म्हणून शब्द आले. मराठीची मुळे संस्कृत-प्राकृतात आणि कन्नडची द्राविड कुळात. उलट ‘दोन’ आणि बंगालीतला ‘दुइ’ कानाला तितके जवळचे वाटत नाहीत, पण नाते सख्खे. सारखेपणा आणि नाते या दोन गोष्टी वेगळ्या. भाषेत उसनवारीने सारखेपणा येतो. माशांत तो गरजेपोटी येतो. पाण्याच्या जोराला टिकायचे तर पोट चपटे हवे आणि चोखक हवा. मग आसामातला मासा आणि आगुंब्यातला मासा आपापल्या वाटेने, एकमेकांना न विचारता, तसेच रूप घेऊ शकतात.

हे ओळखायचे तर रूप बाजूला ठेवून रक्तातले दप्तर वाचावे लागते. ते म्हणजे डीएनए. पद्धत ऐकायला सोपी आहे. माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा कापायचा (मासा जिवंत परत सोडता येतो), अल्कोहोलच्या कुपीत ठेवायचा. प्रयोगशाळेत त्यातून एखाद्या जनुकाचा ठराविक भाग लाखो पटींनी वाढवायचा आणि त्याची अक्षरे ओळीने वाचायची. अक्षरे चारच : ए, टी, जी, सी. जाती ओळखण्यासाठी साधारण साडेसहाशे अक्षरांचा एक तुकडा वापरतात. हा तुकडा बहुधा मायटोकॉन्ड्रियातला असतो. मायटोकॉन्ड्रिया पिल्लाला आईकडूनच मिळतात. आजीची पाटली आईला, आईची लेकीला, तसा हा वारसा सरळ आईच्या रेषेने उतरतो. पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेताना अधूनमधून एखादे अक्षर चुकते. दोन माशांत चुका कमी वेगळ्या, तर नाते जवळचे. जास्त वेगळ्या, तर लांबचे. चुका किती वेगाने होतात याचा अंदाज जीवाश्मांवरून बांधला की दोन घराणी केव्हा विभक्त झाली हेही सांगता येते. अर्थात हे घड्याळ सेकंदाचे नाही. दहा-वीस लाख वर्षे इकडेतिकडे होतात. आणि आईच्या रेषेत बापाची हकीकत दिसत नाही, म्हणून संकराचा संशय असेल तर पेशीकेंद्रातली जनुकेही पाहावी लागतात.

आता होरांची परीक्षा घेता येते. सातपुड्याचा पूल खरा असेल, तर पश्चिम घाटातले मासे वंशवृक्षावर ईशान्येकडच्या माशांच्या फांदीतून फुटलेले दिसायला हवेत, आणि ही फूट हिमयुगातली, म्हणजे गेल्या सुमारे सव्वीस लाख वर्षांतली हवी. २००३ मध्ये के. प्रवीण कारंथ यांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात नेमकी हीच मांडणी केली. पूल, भूखंडांची फाटाफूट, की निव्वळ रूपाचा योगायोग, हे प्रत्येक प्राण्याच्या वंशवृक्षावरूनच ठरवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. कारंथ पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत हेच काम करत राहिले. एक उदाहरण माकडाचे आहे. निलगिरीचे काळे वानर दिसायला ईशान्येकडच्या वानरांसारखे म्हणून त्यांच्यात गणले जाई. डीएनए वाचल्यावर ते निघाले आपल्या गावातल्या हनुमान लंगुराचे भावंड.

माशांतही असेच धक्के बसले. पश्चिम घाटातले काही चपटे मासे वर्षानुवर्षे आग्नेय आशियातल्या होमालोप्टेरा या कुळात धरले जात. २०१५ मध्ये त्यांना बाहेर काढून ‘घाट्सा’ असे नवे कुळ द्यावे लागले. नाव घाटांवरूनच. केरळात २०१८ च्या महापुरानंतर एका विहिरीतल्या विचित्र माशाचे छायाचित्र समाजमाध्यमावर आले. पुढे जनुके आणि सांगाडा तपासला तेव्हा तो मरळीचा नातेवाईक निघाला, पण इतका लांबचा की २०२० मध्ये त्याच्यासाठी वेगळे कुटुंब मांडले गेले. तो मरळीपासून कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेला, जमिनीखालच्या पाण्यात जगणारा. आणि गोव्याचा कालुंदर, केरळचा करीमीन? त्याचे सर्वांत जवळचे नातलग ना आसामात, ना मलायात. ते आहेत मादागास्करला. भारत आणि मादागास्कर सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले. काही अभ्यासक या माशांची ताटातूट तितकीच जुनी मानतात, काही जीवाश्मांच्या आधाराने बरीच अलीकडची. वाद चालू आहे.

मग होरा चुकले म्हणायचे? माझ्या मते सरसकट नाही. हिमयुगातला एकच मोठा प्रवास, ही कल्पना आता टिकत नाही. पण सातपुड्याची रांग ओल्या काळात काही जिवांना वाट देत असेल हे शक्य आहे. खंडाळ्याहून प्रथम वर्णन झालेला पॅराप्सिलोऱ्हिंकस हा छोटा ओढ्यातला मासा सह्याद्रीच्या उत्तर भागात आहे तसाच सातपुड्यातही सापडतो. म्हणून वैनगंगेच्या आणि बंजरच्या वरच्या ओढ्यांतले बोटाएवढे मासे मोलाचे. पुलाची दोन टोके तपासून भागत नाही, मधला खांबही तपासावा लागतो.

लोणावळ्याची पिल्ले कावेरीत

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, कोट्यवधी वर्षांपूर्वीची भाऊबंदकी आज कोणाला काय देणार? तर आता महसीरची गोष्ट ऐका. ती महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोघांचीही आहे.

कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडला. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्याचे एक चांगले होते, तो कोळ्यांना नाव विचारी आणि तेच लॅटिन शेपूट लावून ठेवी. त्यामुळे कोलुस, फुलुंगी, मुल्या, नुक्ता, टाकरी, पोटेल अशी आपल्या नद्यांवरची नावे आज जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत आहेत. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या एका मोठ्या माशाला त्याने नाव दिले खुद्री. हाच निळ्या परांचा महसीर, टॉर खुद्री.

धरणे झाली, सुरुंग लावून मासे मारणे वाढले, आणि हा मासा कमी होत गेला. १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावाशेजारी त्याचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी मोठ्या चिकाटीने ते यशस्वी केले. लाखो पिल्ले तयार झाली. ती देशभर वाटली गेली, कर्नाटकातही गेली आणि कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. महसीर कमी झालेत, महसीर सोडूया.

पण कावेरीत आधीपासून एक महसीर राहत होता. कुबड असलेला, नारिंगी शेपटीचा, अवाढव्य. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या पेंढा भरणाऱ्या घराण्यातल्या एकाने काबिनी नदीत गळाने पकडलेला महसीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. जगभरचे गळवाले या माशासाठी कावेरीवर येत. गंमत म्हणजे एवढ्या प्रसिद्ध माशाला पक्के शास्त्रीय नाव नव्हते. कोणी त्याला मुसुल्ला म्हणे, कोणी खुद्रीचाच प्रकार समजे. नाव नाही म्हणून धोक्यातल्या जातींच्या यादीत जागा नाही, आणि यादीत नाही म्हणून संरक्षण नाही. सरकारी कचेरीत ज्याचा दाखला नाही त्याचे जे होते तेच.

कर्नाटकात कावेरीवरच्या गळाच्या छावणीत पकडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या जात. १९९८ ते २०१२ या काळातल्या या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा चित्र लख्ख दिसले. निळ्या परांचे मासे वाढत चालले होते आणि कुबडवाले दिसेनासे होत होते. मग कावेरी खोऱ्यातल्या मोयार नदीतून कुबडवाल्याचे नमुने मिळवले गेले, शरीराची मोजमापे झाली, जनुके वाचली गेली. २०१८ मध्ये एड्रियन पिंडर, राजीव राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. हा खुद्री नव्हे, वेगळी जात आहे. केरळातल्या पांबार नदीतून वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच. पांबार हीसुद्धा कावेरीचीच उपनदी. आणि रेमादेवी हे नाव प्राणी सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञ के. रेमादेवी यांच्यावरून. म्हणजे हा मासा कावेरी खोऱ्याचा, जगात दुसरीकडे कुठेही नाही.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय यादीत कुबडवाला ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. आणि खुद्री? तो धोक्यातल्या जातींतून बाहेर पडून ‘काळजी नको’ या वर्गात गेला. एकाचे पुनर्वसन झाले, दुसऱ्याचे घर गेले. लोणावळ्याच्या कामाला दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी महसीर म्हणजे महसीर, एवढेच सर्वांना ठाऊक होते. जनुके वाचायची सोय तेव्हा नव्हती.

आपल्या ओढ्यांत काय आहे

आपल्याकडेही अशी नावे आता हाती येऊ लागली आहेत. आंबोलीला उगम पावून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळणारी हिरण्यकेशी आपल्या वाचकांच्या रोजच्या वाटेवरची. २०१४ मध्ये आजऱ्याजवळ याच नदीतून पेथिया लाँगिकॉडा या छोट्या माशाची नवी जात म्हणून नोंद झाली. मोजमापांबरोबर जनुकेही तपासूनच. २०२० मध्ये आंबोलीच्या देवळाच्या कुंडातून शिस्टुरा हिरण्यकेशी ही आणखी एक जात पुढे आली आणि २०२१ मध्ये त्या कुंडाला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. मुलांना घेऊन आंबोलीला जाल तेव्हा धबधब्याखाली भिजून झाल्यावर त्या कुंडापाशीही जरा थांबा. हात मात्र पाण्यात घालू नका.

देवाचे मासे ही आपली जुनी रीत या कामी फार उपयोगी पडली आहे. शृंगेरीला तुंगेत, महाडजवळ वाळणकोंडीला, मासे देवाचे म्हणून कोणी मारत नाही. कन्नडमध्ये ‘देवर मीनु’, मराठीत ‘देवाचे मासे’, भाव एकच. अशा डोहांत त्या नदीचा मूळ वंश टिकून राहण्याची शक्यता जास्त. तिथे पुण्य म्हणून बाजारातले मासे आणून सोडणे मात्र बंद व्हायला हवे. घरच्या काचेच्या पेटीतले मासे कंटाळा आला म्हणून ओढ्यात सोडणेही.

आता पुन्हा बालाघाटकडे. हिरालाल चौधरींनी १९५७ मध्ये संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन माशांचे प्रजनन साधल्यापासून रोहू, मृगळ ही उत्तरेकडच्या नद्यांची मंडळी पिशव्यांत बसून देशभरच्या तळ्यांत गेली. त्यावर लाखो घरांची चूल पेटते, ढिवर-ढीमर समाजाचीही. ते थांबवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न आहे तो तळ्याचा आणि नदीचा फरक पाळण्याचा. तळ्यात पाळायचा मासा वेगळा आणि नदीत सोडायचा तो त्याच नदीचा. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये महसीरला राज्य मासा केले आणि नर्मदाकाठी बडवाहला त्याच्या प्रजननाचे काम झाले. तिथली पिल्ले नर्मदेच्या खोऱ्यातच, मंडल्याकडे बंजरमध्ये, सोडली तर ठीक. डोंगराची धार ओलांडून वैनगंगेत सोडली तर कावेरीची गोष्ट पुन्हा घडू शकते. अंतर मोटारीने काही तासांचे.

आणि आता पाणीच धार ओलांडणार आहे. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्दहून वैनगंगेचे पाणी सव्वाचारशे किलोमीटरच्या कालव्याने बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत नेण्याच्या योजनेला महाराष्ट्रात २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. नळगंगा तापीच्या खोऱ्यातली. म्हणजे गोदावरीचे पाणी तापीत, आणि पाण्याबरोबर अंडी, पिल्लेही. निसर्गाच्या नदीचौर्याला जे काम करायला लाखो वर्षे लागली असती ते काही वर्षांत होईल. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवे आहे, यात वाद नाही. आपल्याकडे कळसा-भांडुराचा प्रश्नही असाच. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवायचे की नाही यावर २०१८ मध्ये लवादाचा निवाडा आला, तरी गोवा आणि कर्नाटक यांचे भांडण संपलेले नाही. त्या भांडणात किती टीएमसी पाणी, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. कणकुंबीच्या धारेच्या दोन बाजूंचे मासे एकच की वेगळे, हे मात्र कोणी विचारत नाही.

विचारायला खर्च फार नाही. कालवा खोदण्याआधी दोन्ही खोऱ्यांतल्या ओढ्यांतून पराचे तुकडे गोळा करून ठेवायचे. लखनौला राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे, पुण्या-बेंगळुरूच्या संस्था आहेत, आणि कोणत्या ओढ्याला कोणता मासा कोणत्या महिन्यात चढतो हे सांगणारे ढीमर आणि कोळी अजून नदीवर आहेत. पाणी एकदा मिसळले की त्यानंतर वाचलेल्या जनुकांत आधीचा हिशेब सापडणार नाही.